एमएसची शंका आहे: डॉक्टर कसा शोधायचा, तपासण्या कोणत्या करायच्या? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, आहे की नाही हे ठरेपर्यंतचा काळ पेशंटला आणि घरच्यांना फार थकवतो. हातात रिपोर्ट असतात, पण आजाराला नाव नसतं. त्या काळात लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. माझ्या घरात एमएसचा पेशंट आहे. मी डॉक्टर नाही. निदान आणि औषध तुमचे न्यूरोलॉजिस्टच ठरवतील. त्यांच्यासमोर तयारीने बसता यावं यासाठी ही उत्तरं आहेत.

१. एमएस म्हणजे नेमकं काय होतं?

आपली रोगप्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते. विजेच्या तारेवरचं रबर जागोजाग सोललं गेलं तर जे होईल तेच इथे होतं: संदेश मंदावतात, भलतीकडे जातात किंवा अडतात. हे मेंदूत, मज्जारज्जूत आणि डोळ्यांच्या नसांत होतं, म्हणून प्रत्येकाची लक्षणं वेगळी. बहुतेकांना पहिला त्रास २० ते ४० या वयात होतो आणि स्त्रियांमध्ये प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आहे. हा आजार एकाकडून दुसऱ्याला होत नाही.

२. माझ्या हातापायांना मुंग्या येतात. एमएस असेल का?

नुसत्या मुंग्यांचं कारण बहुतेक वेळा दुसरंच निघतं: बी-१२ ची कमतरता, मधुमेह, थायरॉईड, मानेचा मणका. शंका घ्यावी ती त्रासाच्या चालीवरून. एमएसचा अटॅक ताप किंवा इन्फेक्शन नसताना येतो, किमान २४ तास सलग टिकतो, काही दिवसांत वाढत जातो आणि मग काही आठवड्यांत हळूहळू ओसरतो. दिवसातून चार वेळा दोन-दोन मिनिटं येऊन जाणाऱ्या मुंग्या या चालीत सहसा बसत नाहीत.

काही तक्रारी मात्र ऐकल्या की न्यूरोलॉजिस्ट सावध होतात. एका डोळ्याला अंधुक दिसणं, तो डोळा फिरवताना दुखणं आणि त्याच डोळ्याने लाल रंग फिका दिसणं. छातीपासून किंवा कमरेपासून खाली बधिरपणा, पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटणं. मान खाली वाकवली की पाठीतून पायापर्यंत करंट जाणं. एकाच्या दोन वस्तू दिसणं. चालताना तोल जाणं, लघवीची अचानक घाई होणं किंवा लघवी अडणं.

थांबायचं नाही अशा दोन वेळा आहेत. काही मिनिटांत तोंड वाकडं झालं, एक हात-पाय लुळा पडला किंवा बोबडी वळली तर पक्षाघात समजून १०८ ला फोन करा. दोन्ही पायांतली ताकद झपाट्याने जात असेल आणि लघवी होत नसेल तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात जा.

३. उन्हाळ्यात किंवा गरम पाण्याने अंघोळ केली की नजर अंधुक होते, थंडावा मिळाला की परत नीट. हा नवा अटॅक आहे का?

बहुतेक वेळा नाही. अंगातली उष्णता वाढली की आधी इजा झालेल्या नसेतून संदेश नीट जात नाहीत, आणि शरीर थंड झालं की पूर्ववत होतात. विदर्भातल्या मे महिन्यात किंवा साध्या तापातही हे होतं. पण ही गोष्ट डॉक्टरांना नक्की सांगा. नसेला कधीतरी इजा झाली असावी, असा हा धागा आहे आणि पेशंट तो सांगायचाच राहून जातो.

४. आधी कोणाकडे जायचं?

फॅमिली डॉक्टरकडे, आणि त्यांच्याकडून चिठ्ठी घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे. पाटीवर न्यूरोलॉजीतली डीएम किंवा डीएनबी ही पदवी बघा. न्यूरोसर्जन हे ऑपरेशन करणारे डॉक्टर. अनेक जण तिथे जातात आणि एक फेरी वाया जाते. नजर गेली असेल तर आधी डोळ्यांचे डॉक्टर योग्यच, पण त्यांनी 'डोळ्याच्या नसेला सूज' असं म्हटलं तर पुढे न्यूरोलॉजिस्टला दाखवायलाच हवं. पाय बधिर झाले म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे गेलेल्यांना 'मणक्यात गॅप आहे' असं सांगून पट्टा दिला जातो. चाळिशीनंतर पुष्कळांच्या मणक्यांत झीज दिसते. तुमच्या त्रासाचं कारण तीच आहे का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो विचारायला हवा.

५. आमच्या तालुक्यात न्यूरोलॉजिस्ट नाही. काय करू?

मुंबईत केईएम, नायर, सायन आणि जे. जे., नागपुरात शासकीय मेडिकलचं सुपर स्पेशालिटी, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, इथे न्यूरोलॉजी विभाग आहेत. न्यूरोची ओपीडी रोज असेलच असं नाही, म्हणून निघण्याआधी दिवस आणि केस पेपरची वेळ फोनवर विचारून घ्या. पहिली भेट प्रत्यक्षच हवी, कारण प्रश्न ६ मध्ये सांगितलेली तपासणी व्हिडिओ कॉलवर होत नाही. पुढचे रिपोर्ट दाखवायला ऑनलाइन भेट चालते. ई-संजीवनी ही सरकारी सेवा मोफत आहे.

६. तपासणी नीट झाली हे मला कसं कळणार?

न्यूरोलॉजिस्टचं खरं यंत्र म्हणजे त्यांचे हात. ते डोळ्यांसमोर बोट फिरवून नजर कुठे अडखळते ते पाहतात. गुडघ्यावर आणि कोपरावर रबरी हातोडी मारतात. तळपायावर टाचेकडून बोटांकडे किल्लीसारख्या वस्तूने रेघ ओढतात. मोठ्या माणसाचा अंगठा त्या वेळी वर वळला तर मेंदूपासून पायाकडे जाणाऱ्या मार्गात कुठेतरी बिघाड आहे. घोट्याच्या हाडावर कंप पावणारा चिमटा टेकवून 'थरथर जाणवते का?' विचारतात. डोळे मिटून उभं करतात, एका रेषेत टाचेला बोटं लावून चालवतात. यातलं काहीच न करता थेट एमआरआयची चिठ्ठी मिळाली, तर 'डॉक्टर, एकदा तपासता का?' असं म्हणायला अजिबात संकोच करू नका. पायजमा किंवा सैल सलवार घालून गेलात तर सोपं जातं.

७. डॉक्टर म्हणतात, "टेन्शन आहे, काही नाही." मी काय करू?

ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि बहुतेकदा तरुण मुलींकडून येते. 'लग्न ठरलंय ना, म्हणून', 'बाळंतपणानंतर होतंच असं', 'मोबाइल कमी करा.' हे ऐकून महिनोन्‌महिने गप्प बसलेल्या बायका मला माहीत आहेत, आणि त्याची मला मनापासून चीड येते.

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मज्जासंस्थेच्या रचनेत बिघाड नसताना तिच्या कामात बिघाड होण्याचा आजार खरोखर असतो. तो नाटक नव्हे, त्याचीही तपासणीत दिसणारी ठरलेली चिन्हं असतात आणि त्यावर उपचार आहेत. त्यामुळे डॉक्टर तसं म्हणाले म्हणजे ते चुकलेच असं नाही. कशावरून म्हणाले, हे महत्त्वाचं. तीन प्रश्न विचारा: तपासणीत काय आढळलं? दुसरं काय असू शकतं आणि ते कसं वगळलं? पुढे कोणता त्रास झाला तर मी लगेच परत यायचं?

भांडायची गरज नसते. 'डॉक्टर, टेन्शन असेलही. पण उजवा डोळा आठवडाभर अंधुक होता, तो टेन्शनने होतो का, एवढं बघून सांगा,' असं म्हटलं की बोलणं पुन्हा लक्षणावर येतं. सोबत एक माणूस न्या, पण पेशंटच्या ऐवजी नवरा किंवा सासूबाईच उत्तरं देत बसणार असतील तर तसं आधीच घरी बोलून घ्या. लघवीची किंवा शारीरिक संबंधातली तक्रार सांगायची असेल तर दोन मिनिटं एकटीने बोलायचं आहे असं सरळ सांगा.

'हे एमएस वाटत नाही, कारण असं असं,' म्हणून सहा महिन्यांनी परत बोलावणारे डॉक्टर चांगले. 'आत्ता नक्की सांगता येत नाही,' म्हणणारेही चांगले. न तपासता, न ऐकता गोळ्या लिहून देणारे बदला.

८. नंबर येतो तेव्हा पाच मिनिटंही मिळत नाहीत. काय सांगू?

एका कागदावर तारखेनुसार लिहून न्या आणि तो कागद त्यांच्या हातात द्या. साधारण असा:

'फेब्रुवारी २०२३: उजवा डोळा अंधुक, फिरवताना दुखे. दहा दिवस. महिनाभरात बरा. औषध नाही.
ऑगस्ट २०२४: दोन्ही पाय कमरेपासून बधिर, गार-गरम कळेना. तीन आठवडे. चप्पल पायातून निसटली तरी समजत नसे.
आता: मान वाकवली की करंट. दुपारनंतर फार गळून जाते.'

खाली चालू औषधं, इतर आजार, घरात कोणाला असा आजार. जुना डोळ्याचा त्रास 'तो तर बरा झाला' म्हणून गाळू नका. निदान पुष्कळदा त्या जुन्या ओळीवरच उभं राहतं. का, ते प्रश्न १४ मध्ये.

९. एमआरआय कोणता काढायचा?

मेंदूचा, आणि बहुतेक वेळा मानेच्या व पाठीच्या मज्जारज्जूचाही, कॉन्ट्रास्टसह (म्हणजे शिरेतून औषध देऊन). १.५ टेस्लाचं मशीन चालतं, ३ टेस्ला असेल तर उत्तम. चिठ्ठीवर एमएसच्या शंकेसाठी असा उल्लेख डॉक्टरांकडून करून घ्या, म्हणजे सेंटरवाले योग्य पद्धतीने चित्रं काढतात. कॉन्ट्रास्टमुळे ताजी सूज उजळून दिसते आणि जुने डाग वेगळे कळतात. त्याआधी किडनीसाठी क्रिएटिनिन बघतात. पेसमेकर, मेंदूतली क्लिप किंवा अंगात कुठलाही धातू असेल तर आधीच सांगा. मशीनमध्ये तास-दीड तास जाऊ शकतो, आवाज मोठा असतो. बंद जागेची भीती असेल तर सौम्य झोपेचं औषध मिळतं.

रिपोर्टचा कागद आणि फिल्म यांच्याबरोबर सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागून घ्या. पुढच्या एमआरआयशी तुलना करायला मूळ चित्रंच लागतात.

१०. रिपोर्टमध्ये "पांढरे डाग" आणि "डीमायलिनेशन" (मायलिनचं आवरण सोललं जाणं) लिहिलंय. म्हणजे एमएस पक्का?

नाही. मायग्रेन, ब्लड प्रेशर, मधुमेह, धूम्रपान, वाढतं वय, या सगळ्यांनी मेंदूत पांढरे ठिपके येतात. एमएसचे डाग ठरावीक जागी असतात: मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांना चिकटून, मेंदूच्या बाहेरच्या थरालगत, मागच्या खालच्या भागात आणि मज्जारज्जूत. यांपैकी किमान दोन जागी ते दिसावे लागतात, आणि पेशंटची गोष्टही त्यांच्याशी जुळावी लागते. रेडिओलॉजिस्टने पेशंटला पाहिलेलं नसतं, म्हणून रिपोर्टचा अर्थ न्यूरोलॉजिस्टकडूनच समजून घ्या. रात्री मोबाइलवर एकेक शब्द शोधत बसू नका.

११. ताई, पाठीतलं पाणी काढलं की लकवा होतो म्हणतात. खरं का?

नाही. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मध्ये घालतात, जिथे फक्त पाणी आणि सुट्या नसा असतात. कुशीवर झोपवून गुडघे पोटाशी आणि हनुवटी छातीशी घ्यायला लावतात, जागा बधिर करतात. दाब जाणवतो, क्वचित पायात कळ जाते. काही चमचे पाणी पुरतं आणि शरीर ते भरून काढतं.

होणारा खरा त्रास म्हणजे डोकेदुखी: उठून बसलं की ठणका, आडवं झालं की आराम. विश्रांती, भरपूर पाणी आणि चहा-कॉफीने ती बहुतेकांची काही दिवसांत जाते. नाही गेली तर त्यावर उपाय आहे, कळवा. बारीक, बोथट टोकाच्या सुईने हा त्रास कमी होतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा.

पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड, म्हणजे रोगप्रतिकारक प्रथिनांच्या पट्ट्या, बघतात. त्याच वेळी रक्ताचा नमुनाही द्यावा लागतो, कारण जे बँड पाण्यात आहेत आणि रक्तात नाहीत त्यांनाच अर्थ असतो. लॅबने रक्त घेतलं नाही तर तिथेच विचारा. बँड न सापडताही एमएस असू शकतो, आणि दुसऱ्या काही आजारांतही ते सापडतात.

१२. व्हीईपी आणि ओसीटी कशाला?

व्हीईपीमध्ये पडद्यावरचे काळे-पांढरे चौकोन बघायचे असतात आणि डोळ्याकडून मेंदूकडे संदेश किती वेळात पोचतो ते मोजतात. ओसीटीमध्ये डोळ्याच्या पडद्यावरचा नसांचा थर किती पातळ झाला ते दिसतं. पेशंटच्या लक्षातही न राहिलेला जुना डोळ्याचा अटॅक यातून उघड होतो. दुखत नाही, सुई नाही.

१३. रक्ताच्या इतक्या तपासण्या का लिहून दिल्या?

एमएस दाखवणारी रक्ताची एकच एक तपासणी नाही. रक्त घेतात ते एमएससारखे दिसणारे दुसरे आजार वगळायला: बी-१२, थायरॉईड, ल्युपससारखे संधिवाताचे आजार, एचआयव्ही, सिफिलिस. आपल्याकडे टीबीचा विचार तर करावाच लागतो. शाकाहारी आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी बी-१२ टाळूच नये. त्याच्या कमतरतेने मज्जारज्जूला इजा होते आणि वेळेत इंजेक्शनं मिळाली तर ती सुधारू शकते.

दोन तपासण्यांबद्दल मी आग्रहाने सांगते: अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग या अँटिबॉडी. सगळ्यांना लागत नाहीत. पण दोन्ही डोळे एकदम गेले, नजर फारच कमी झाली, मज्जारज्जूतला डाग तीन किंवा जास्त मणक्यांइतका लांब आहे, किंवा उचकी-उलट्या दिवसेंदिवस थांबत नाहीत (असे पेशंट पोटाच्या डॉक्टरांकडेच फिरत राहतात), तर 'या दोन तपासण्या झाल्या का?' असं विचारा. अ‍ॅक्वापोरिन-४ सापडलं तर आजार एमएस नसून एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, डोळ्यांच्या नसा आणि मज्जारज्जूवर हल्ला करणारा वेगळा आजार) असतो. एमएसची काही औषधं, उदाहरणार्थ इंटरफेरॉन बीटा आणि फिंगोलिमॉड, एनएमओ बिघडवू शकतात. पेशींवर केलेली, म्हणजे सेल-बेस्ड पद्धतीची तपासणी जास्त भरवशाची. नमुना शक्यतो उपचार सुरू होण्याआधी द्यावा. जीव किंवा नजर धोक्यात असेल तर मात्र उपचार थांबवायचे नाहीत.

१४. एकच अटॅक आलाय. एवढ्यात निदान होऊ शकतं?

होऊ शकतं. डॉक्टर मॅक्डोनाल्ड निकष वापरतात. ते २००१ मध्ये आले आणि तेव्हापासून बदलत गेले. २०१७ ची आवृत्ती बहुतेकांच्या हाताखालची आहे आणि २०२४ च्या सुधारणेत डोळ्याच्या नसेलाही डागांच्या जागांमध्ये धरलं आहे. गाभा असा: आजार मज्जासंस्थेत एकापेक्षा जास्त जागी आणि एकापेक्षा जास्त वेळी झाला याचा पुरावा, आणि दुसरं चांगलं स्पष्टीकरण नसणं. एकाच एमआरआयमध्ये ताजे आणि जुने डाग सोबत दिसले, किंवा पाण्यात बँड सापडले, तर दुसऱ्या अटॅकची वाट बघावी लागत नाही. पुरावा पुरला नाही तर काही महिन्यांनी पुन्हा एमआरआय काढतात. ही टाळाटाळ नव्हे. पुढची तारीख मात्र लिहून घ्या.

१५. एमआरआय नॉर्मल आहे, त्रास चालूच आहे.

मेंदू आणि मज्जारज्जू, दोन्हींचे चांगले एमआरआय नॉर्मल असतील तर एमएसची शक्यता फारच कमी. फक्त मेंदूचा काढला असेल तर मज्जारज्जूचा राहिला आहे का ते विचारा. दोन्ही झाले असतील तर शोध दुसऱ्या दिशेने न्यायला हवा (प्रश्न ७ आणि १३). त्रास खरा आहे आणि त्याचं कारण शोधणं हे डॉक्टरांचं काम तिथे संपत नाही.

१६. गावातल्या डॉक्टरांनी स्टेरॉइड दिलं, बरं वाटलं. म्हणजे एमएसच ना?

स्टेरॉइडने सूज असलेले अनेक आजार तात्पुरते उतरतात, म्हणून त्यावरून निदान होत नाही. उलट, ताजा डाग कॉन्ट्रास्टमध्ये न उजळणं, लिम्फोमासारखा कर्करोग झाकला जाणं, टीबी बळावणं हे धोके आहेत. मोठ्या अटॅकमध्ये मिथाइलप्रेडनिसोलोन १ ग्रॅम रोज शिरेतून ३ ते ५ दिवस देतात, पण तपासणी करून आणि देखरेखीखाली. कुठल्या तारखेला काय दिलं ते फाइलमध्ये लिहा. गावठी पुड्या किंवा काढे घेतले असतील तर तेही सांगा. काहींमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं.

१७. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं तर पहिले रागावतील का?

दुसरं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. चांगले डॉक्टर स्वतःच सुचवतात. हॉस्पिटलकडे लेखी मागणी केली की वैद्यकीय कागदपत्रं ७२ तासांत द्यावी लागतात. हा २००२ च्या नियमावलीतला नियम आहे. एमएसचे पेशंट नियमित बघणारे न्यूरोलॉजिस्ट कोण, हे मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाच्या मुंबई किंवा पुणे शाखेत विचारता येतं. ही संस्था १९८५ पासून काम करते. निदान झालेलं नसलं तरी तिथे फोन करायला हरकत नाही.

१८. खर्च, विमा आणि अपंगत्वाचा दाखला?

सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात एमआरआय खासगीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो, पण तारीख उशिराची मिळते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं काय बसतं ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून विचारा. नवा आरोग्य विमा घेताना चालू असलेल्या तपासण्या लपवू नका. नंतर क्लेम अडतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा स्पष्ट उल्लेख आहे. दाखला मात्र निदानानंतर आणि अपंगत्व मोजून मिळतो, बहुतेक सवलतींना ४० टक्के लागतात.

१९. मी गरोदर आहे. तपासण्या थांबवू?

गरजेचा एमआरआय कॉन्ट्रास्टशिवाय काढता येतो. कॉन्ट्रास्ट सहसा टाळतात. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि न्यूरोलॉजिस्ट यांचं एकमेकांशी बोलणं घडवून आणा. दिवस गेले असण्याची नुसती शक्यता असली तरी एमआरआयच्या टेबलावर चढण्याआधी सांगा.

२०. वडील पंचावन्न वर्षांचे. अटॅक कधीच नाही, पण दोन वर्षांत चाल हळूहळू ताठर झाली. हा एमएस असतो का?

असू शकतो. साधारण दहा-पंधरा टक्के पेशंटमध्ये आजार सुरुवातीपासून असाच हळूहळू वाढतो. त्यासाठी किमान वर्षभराची वाढती तक्रार आणि एमआरआय किंवा पाठीच्या पाण्यातला आधार लागतो. पण या वयात मानेच्या मणक्याने मज्जारज्जू दबणं जास्त आढळतं आणि ते आधी बघायला हवं. 'वय झालं' म्हणून सोडू नका.

२१. एमएसचं औषध चालू आहे, पण निदानच चुकलंय असं वाटतं.

असं घडतं. मायग्रेनचे ठिपके एमएसचे समजले जाणं हे त्यातलं नेहमीचं कारण. स्वतःहून औषध बंद करू नका. काही औषधं एकदम थांबवली तर खरा एमएस असल्यास तो जोरात उसळतो. पहिल्या एमआरआयची सीडी, पहिल्या तपासणीची नोंद आणि अँटिबॉडीचे रिपोर्ट घेऊन एमएस नियमित बघणाऱ्या न्यूरोलॉजिस्टकडे जा आणि 'हे निदान आजच्या निकषांवर पहिल्यापासून तपासून द्या' अशी स्पष्ट मागणी करा.